दानिलोचा राहिलेला दिवस

दिवे आज काही येणार नाहीत. रिओ व्हेर्देच्या वाटेवर दरड आली म्हणतात, म्हणजे खांबही गेला असणार. तानिया, ती मेणबत्ती राफ्टपासून जरा लांब ठेव. आणि निक्सन, किटली इकडे दे बघू. तुझ्या हातात राहिली की दालचिनी तेवढी उरते नि दारू संपते.

काय विचारत होतास मघाशी? ओल्गेर वायास उसाचा रस का विकतो?

विचारलंस ते बरं केलंस. तुम्ही पोरं आता वर्षा-दोन वर्षांत गाइड होणार, पास्तासावर लोकांना घेऊन जाणार. ही नदी ओल्गेरइतकी या गावात कुणाला कळली नाही. नुसता पाण्याचा रंग बघून सांगायचा, काल वर पातातेला पाऊस किती झाला. तो माणूस आज बसस्थानकासमोर चरक फिरवतो. कुणी म्हणतं, घाबरला. कुणी म्हणतं, दारूपायी लायसन्स गेलं. दोन्ही खोटं. खरं काय ते त्यानं मला स्वतः सांगितलंय. घडलं त्याच रात्री, याच शेडमध्ये, आत्ता तानिया बसलीय ना, तिथे बसून.

"वाल्बेर्तोकाका, मी दुसरीकडे बसू का?"

बस गं. जागेला काही झालेलं नाही.

तर ऐका. सोळा जुलै २०१९, मंगळवार. ओल्गेर सकाळी साडेसातला बसस्थानकावर गेला होता पार्सल आणायला. कीटोहून नव्या वल्ह्यांचा गठ्ठा यायचा होता. पार्सलच्या खिडकीतला माणूस नाश्त्याला गेलेला, म्हणून हा बाकावर बसून राहिला. समोर दारादारांत मेलकोचा मिठाईवाले खुंट्यांवर गुळाचा गोळा फेकून ताणत होते. रोजचीच सकाळ. तेवढ्यात आंबातोची बस लागली आणि तिच्यातून एक म्हातारा उतरला. डोक्याला फेल्ट हॅट, खांद्यावर करडा पोंचो, पायात पॉलिश केलेले बूट. सरळ याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही ओल्गेर वायास ना? मी आब्दोन व्हेर्देसोतो. ग्वारांदाचा. दानिलोचा बाप."

ओल्गेरच्या हातातली पार्सलची पावती खाली पडली. म्हाताऱ्यानंच ती वाकून उचलून दिली.

दानिलो कोण, ते सांगतो. त्याच्या सहा वर्षं आधी, तारीख हीच, वारही मंगळवारच, बावीस वर्षांचा एक पोरगा एकटाच आपल्या गावात आला होता. कीटोला टायरच्या दुकानात कामाला होता. एक दिवसाची सुट्टी मिळालेली. त्या एका दिवसात त्याला सगळं करायचं होतं. सकाळी डोंगरमाथ्यावरचा झोपाळा, मग दरीवरचा तारेचा पाळणा, दुपारी राफ्टिंग, संध्याकाळी धबधब्याखालचं गरम पाण्याचं कुंड आणि रात्रीच्या बसनं घर. राफ्टिंगपर्यंत त्याचा दिवस पोचला. राफ्ट उलटली. सातजण वर आले. दानिलो आला नाही. आठ दिवस शोधलं, पार खाली जंगलापर्यंत माणसं गेली. पास्तासानं त्याला परत दिलं नाही.

ती राफ्ट ओल्गेरची होती. तेव्हा आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. आता ती बंद पडलीय, नाव घ्यायला नको. तो राफ्ट चालवायचा, मी ट्रक.

चौकशीत ओल्गेरनं जबानी दिली, की पोरानं फोटो काढायला खिशातून फोन काढला, त्यासाठी लाइफ जॅकेटचं बकल स्वतःच उघडलं, मी ओरडलो पण त्यानं ऐकलं नाही. तसं लिहून घेतलं. प्रकरण मिटलं.

आणि सहा वर्षांनी बाप समोर उभा.

"तुमच्याकडे काही मागायला नाही आलो," म्हातारा म्हणाला. "त्या दिवशी तो जिथे जिथे गेला, तिथे तिथे मला जायचंय. आणि कुंडाचं त्याचं राहिलं होतं, ते मी करून जाईन. रस्ता दाखवायला कुणीतरी हवं. त्याला शेवटचं बघणारे तुम्हीच. म्हणून म्हटलं..."

नाही कसं म्हणणार? वल्ह्यांचा गठ्ठा तिथेच ठेवून ओल्गेर निघाला.

वर झोपाळ्याकडे जायला त्यांनी एक पिकअप केली. ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "तिघांनाही वरपर्यंत ना?"

ओल्गेर म्हणाला, "दोघांना."

ड्रायव्हरनं पुन्हा आरशात पाहिलं. खांदे उडवले. गाडी सुरू केली. ओल्गेरला वाटलं, झोप झाली नसेल बिचाऱ्याची.

झोपाळा तुम्हाला माहीतच आहे. पाय टेकायला जमीन असते, मग नसते. भलेभले तिथे बोंबलतात. पण सेन्योर आब्दोन टेलिफोन खात्यात लाइनमन होते, चौतीस वर्षं खांबांवर काढलेली. हॅट ओल्गेरकडे दिली, पोंचो सावरला आणि शांतपणे पट्टा बांधून बसले. झोपाळ्यावाल्यानं एक धक्का दिला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. झोका दरीवर जायचा, यायचा. म्हातारा नुसता खाली बघत होता.

ओल्गेर दहा पावलांवर उभा. शेजारी ग्वायाकीलची एक बाई मक्याचं कणीस खात होती. किनाऱ्याकडची माणसं कशी असतात, ओळख नसली तरी बोलणार. म्हणाली, "मुलगा गुणी आहे हो. आमचा असता तर बापाला पार ढगात ढकललं असतं. हा बघा किती जपून, हळूहळू झोका देतोय."

ओल्गेरनं पाहिलं. झोपाळ्यामागे कुणी नव्हतं.

पण झोका थांबत नव्हता. झोपाळेवाला केव्हाचा लांब गेलेला. वारा नव्हता. आणि झोका तेवढाच जात होता, तेवढाच येत होता...

"कुठला मुलगा?" यानं विचारलं.

बाई हसली. "पुरे हो थट्टा. तो काय, निळ्या शर्टातला."

"मग?" निक्सन, मध्ये बोलू नकोस. मग काही नाही. म्हातारा उतरला, हॅट घातली, म्हणाला, "छान आहे. त्याला आवडलं असणार." ओल्गेर त्याला घेऊन खाली निघाला. 

दुपारी पाळण्यावर तेच. दरीवरून लोखंडी पाळणा सोडतो ना तो माणूस, इंजिन चालू करेना. ओल्गेरवर खेकसला, "अरे तू गाइड असून तुला कळत नाही? आत घे त्याला! काठावर बसून पाय काय सोडतोय? पडला तर माझी नोकरी जाईल!"

 म्हातारा पाळण्याच्या मधोमध कठडा धरून उभा होता. काठावर कुणी नव्हतं.

"बसला," तो माणूस जरा वेळानं म्हणाला आणि इंजिन चालू केलं.

पलीकडे उतरल्यावर सेन्योर आब्दोननी विचारलं, "कुणावर ओरडत होता तो?"

"कुणावर नाही. असाच आहे तो."

पोरांनो, यात मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? बघणारे सगळे परके. ड्रायव्हर, कणीस खाणारी बाई, इंजिनवाला. ज्यांना काही घेणंदेणं नाही त्यांना तो दिसत होता. आणि जो बाप चार तास बस बदलत, बूट पॉलिश करून आला होता, त्याला नाही. त्यानं एकदासुद्धा वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी...

असो.

चारच्या सुमाराला ते नदीवर आले. जिथून आपण राफ्ट सोडतो तिथेच. ओल्गेर म्हणाला, पाण्यात मी तुम्हाला नेणार नाही. म्हाताऱ्यानंही हट्ट केला नाही. दगडावर रुमाल पसरून बसला. बराच वेळ पाणी बघत राहिला. मग बोलायला लागला. दिवसभरात पहिल्यांदाच मोकळेपणानं.

"त्या दिवशी सकाळी त्यानं आईला फोन केला होता. झोपाळ्यावरून. फार खुशीत होता. ती म्हणाली, नदीत गेलास की मला एक फोटो पाठव रे. एवढंच म्हणाली. आईच ती. मग तुमची जबानी आली. फोन काढायला बकल उघडलं म्हणून. ते वाचून दाखवलं तेव्हापासून माझी रोसाउरा..."

थांबला. हॅट काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमच्या घरात आता फोन नाही. ठेवू देत नाही ती. मला कुणाशी बोलायचं झालं तर शेजारी जातो. रात्री उठून बसते. म्हणते, मी फोटो मागितला नसता तर. मी म्हणतो, अगं, त्यानं ऐकायला नको का? गाइड ओरडत होता, त्यानं ऐकायला नको का? मग आम्ही दोघं मिळून त्या पोराच्या फोटोला बोलतो. ऐकलं असतंस तर, म्हणतो. सहा वर्षं झाली."



म्हातारा उठला. रुमाल झटकून घडी केला. "चला. कुंड किती वाजता उघडतं?"

संध्याकाळच्या पाळीला सहा वाजता उघडतं. पण वाटेत म्हातारा देवळात जाऊन बसला, बराच वेळ उठला नाही. कुंडावर पोचायला पावणेआठ झाले. धुकं खाली उतरलेलं. मंगळवार, त्यातून पावसाळी दिवस, गर्दी अशी नव्हतीच. कपडे ठेवायच्या खिडकीत सोइलाबाई होती. ती आता वारली. टोपी घातल्याशिवाय ती राष्ट्राध्यक्षांनाही पाण्यात उतरू देणार नाही, अशी बाई. तिनं खिडकीतून तीन टोप्या पुढे ठेवल्या.

ओल्गेरनं एक परत सरकवली.

तिनं ती पुन्हा पुढे केली. "टोपीशिवाय नाही. पोरगा आहे म्हणून सूट नाही. आणि बाळा, तू एवढा ओलाचिंब कशानं झालास? आधी अंग पूस..."

ओल्गेरच्या खांद्यावरून ती मागे बघत होती. बोलता बोलता थांबली. मग तिनं छातीवर क्रुसाची खूण केली. आणि खिडकीची फळी खाली ओढली.

सेन्योर आब्दोन तेव्हा बाकावर बसून बुटाचे बंद सोडत होते. त्यांनी ऐकलं नाही.

ओल्गेर म्हणतो, मी तिथूनच पळालो असतो. पाय वळलेही होते. पण म्हातारा उघड्या अंगानं, टोपी घालून, थंडीनं काकडत उभा होता आणि म्हणत होता, पायऱ्या निसरड्या आहेत, जरा हात द्या. हात द्यावा लागला.

पाण्यात उतरले. गळ्यापर्यंत. वरून धबधब्याचा आवाज. वाफ इतकी, की पलीकडचा काठ दिसत नव्हता. दोन म्हाताऱ्या बायका होत्या, त्याही थोड्या वेळानं निघून गेल्या. भिंतीवर घड्याळ होतं. आठ चाळीस.

दोघं काठाला टेकून बसले. मध्ये हातभर अंतर.

हातभर...

त्या अंतरातलं पाणी गार होतं.

आधी त्याला वाटलं, झरा असेल. सरकला. गार पाणी त्याच्याबरोबर सरकलं. उजवी मांडी गरम. डावी गार. उजवा खांदा गरम. डावा...

हे गार पाणी त्याच्या ओळखीचं होतं. बारा वर्षं त्यात हात घालत होता तो. हे डोंगरातल्या गरम झऱ्याचं पाणी नव्हतं. हे नदीचं होतं.

त्यानं डावीकडे पाहिलं नाही.

वाफ हलली नाही. पाणी हललं नाही. म्हातारा डोळे मिटून बसलेला. धबधब्याचा आवाज जणू लांब गेला. आणि अगदी कानाशी...

श्वास.

दम लागलेल्या माणसाचा असतो तसा. पळून आलेल्या. किंवा खूप वेळ... खूप वेळ पोहलेल्या.

ओल्गेर म्हणाला, "सेन्योर आब्दोन."

"हं."

"त्यानं बकल उघडलं नव्हतं."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"बकल मोडकं होतं. आधीपासून. आठ माणसं होती आणि धड जॅकेटं सात. तो शेवटी आला. मी नाही म्हणत होतो. तो म्हणाला, दादा, आजचाच दिवस आहे माझ्याकडे. म्हणून मी ते जॅकेट दोरीनं बांधलं. माझ्या हातानं. म्हटलं, चालतंय. राफ्ट उलटली तेव्हा मी त्याला पकडलं होतं. जॅकेटला धरून. ओढत होतो. दोरी तुटली. जॅकेट माझ्या हातात आलं आणि तो... तो त्यातून खाली निसटला. माझ्या हातात नुसतं जॅकेट."

ओल्गेर पुढे बोलतच राहिला.

"पोलिस यायच्या आधी मी उरलेली दोरी कापून नदीत टाकली. फोनचं मी रचलं. फोन त्याच्या खिशातच होता. त्यानं हात लावला नाही. राफ्ट उलटेपर्यंत दोन्ही हात वल्ह्यावर होते. मी सांगितलं होतं तसेच. मी सांगितलं ते सगळं त्यानं ऐकलं होतं, सेन्योर. सगळं."

 ओल्गेर म्हणतो, मला वाटलं आता म्हातारा माझं डोकं धरून पाण्यात दाबेल. मी मान खाली घालून बसलो. दाबलं असतं तर मी हललो नसतो.

म्हाताऱ्यानं विचारलं, "पाणी फार गार होतं का रे?"

सकाळपासून 'तुम्ही' म्हणत होते. आता 'तू'वर आले. रागानं की कशानं, ते ओल्गेरला आजही सांगता येत नाही.

"होय," तो म्हणाला.

"त्याला थंडी सोसायची नाही. लहानपणी आमच्या दोघांच्या मध्ये झोपायचा."

आणि म्हातारा रडायला लागला. आवाज नाही. नुसती टोपी हलत होती. मग म्हणाला, "आम्ही त्याला बोलत होतो रे. त्याच्या फोटोला. सहा वर्षं..."

ओल्गेरनं हात पुढे केला. कशासाठी, त्यालाही माहीत नाही. हात मधल्या पाण्यातून गेला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

पाणी गरम होतं. सगळीकडे सारखंच.

म्हातारा उठला. घाईघाईनं, घसरत, पायऱ्या चढला. "शेवटची बस किती वाजता?"

"साडेनऊ. पण आज राहा. मी सोय करतो. सकाळी..."

"सकाळी नाही. आजच्या आज तिला सांगायला हवं. आणखी एक रात्र ती बसून काढणार, ते नको."

ओल्गेर त्यांना बसपर्यंत सोडायला आला. म्हाताऱ्याचे केस ओले, पोंचो उलटा घातलेला. पायरीवर चढताना म्हाताऱ्यानं मागे वळून एवढंच सांगितलं, "जे मला सांगितलंस ते जिथे लिहून घेतात तिथे जाऊन सांग." ओल्गेर म्हणाला, उद्या सकाळी. म्हातारा आत गेला. बस सुटली.

मग ओल्गेर इथे आला. दहाला. मी पंप दुरुस्त करत होतो. त्यानं सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसं, आणि शेवटी विचारलं, "वाल्बेर्तो, तू मला वेडा समजतोस का?"

मी काही बोललो नाही. कारण मला बोलायला तोंड नव्हतं.

काय बघता? त्या दिवशी ट्रकमधून जॅकेटं मीच उतरवली होती. ती दोरी मी पाहिली होती. विचारलंही, ही दोरी कसली रे? तो म्हणाला, चालतंय. आणि मी पुढचं जॅकेट उचललं. चौकशीत मला कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सहा वर्षं मीही इथेच होतो, जेवत होतो, झोपत होतो. दिवसभर त्या बापाबरोबर ओल्गेर हिंडला, मी नाही. म्हणून तो पोरगा माझ्याजवळ आला नाही, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही दोघं सरकारी वकिलाच्या ऑफिसात गेलो. दोघांनी जबानी दिली. ओल्गेरचं लायसन्स गेलं, वर्षभर कोर्टाच्या फेऱ्या झाल्या, त्याला शिक्षा झाली, ती त्यानं भोगली. मलाही माझ्या वाटचं मिळालं. ते आत्ता सांगत नाही.

पण त्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, आम्ही ग्वारांदाला गेलो होतो. ओल्गेर म्हणाला, त्या बाईसमोर उभं राहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. मी म्हटलं, मलाही.

छोटं घर आहे. उतारावर, दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. रोसाउराबाईनं दार उघडलं. बारीक बाई, दोन वेण्या घातलेल्या. ओल्गेर गुडघ्यांवर बसायला गेला, तर म्हणाली, "उठा. जमिनीला ओल आहे." आत बसवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं आमच्यासमोर कॉफी ठेवली, चीज ठेवलं. मग सांगितलं, त्या रात्रीचं.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. ती जागीच होती. दार उघडलं. नवरा उभा. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या मागे बघत राहिली.

सेन्योर आब्दोन शेजारीच बसले होते. म्हणाले, "मी आत आलो तरी ही दार लावेना. म्हटलं, अगं, वारा येतोय. तर म्हणाली, थांबा जरा. आणि दार उघडं धरून उभी. पायपुसणं सरळ केलं. मग लावलं."

मी विचारलं, "तुम्हाला काय दिसलं, बाई?"

ती कपात बघत राहिली.

त्या रात्री तिनं चूल पेटवली. बटाट्याचं सूप गरम केलं. तीन वाडगे भरले. म्हाताऱ्याला वाटलं, बायको कामातून गेली. जेवता जेवता तिला सगळं सांगितलं. बकलाचं, दोरीचं, फोन खिशातच होता त्याचं. दोन्ही हात वल्ह्यावर होते, तेही. ती ऐकत होती. मध्येच तिसरा वाडगा तिनं जरा चुलीकडे सरकवला. सूप निवू नये म्हणून. मग दोघं झोपायला गेले. वाडगे तसेच टेबलावर. सहा वर्षांत पहिल्यांदा ती सकाळपर्यंत झोपली.

उठून स्वयंपाकघरात आली, तेव्हा दोन वाडगे टेबलावर होते. खरकटे, वाळलेले. त्यांनी ठेवले होते तसेच.

तिसरा नव्हता.

तिसरा खिडकीत होता. स्वच्छ घासलेला, विसळलेला, पालथा घालून ठेवलेला. खाली घडी केलेलं फडकं.

"मी नाही," सेन्योर आब्दोन म्हणाले. "मी उठलोच नव्हतो."

आणि रोसाउराबाई हसली. सहा वर्षांत हसली नसेल अशी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, "जिवंत असताना कार्ट्यानं कधी चमचासुद्धा विसळला नाही हो..."

तो वाडगा मी पाहिलाय, पोरांनो. पांढरा, काठाला हिरवी रेघ. गेल्या वर्षी पुन्हा गेलो होतो तिकडे. अजून खिडकीत तसाच आहे. पालथा. ती त्याच्या भोवतालची धूळ रोज पुसते.

उचलत मात्र नाही.